अडीच केव्हीएचा गणपती

बँकेत नोकरी करणारा चाकरमानी गणपतीला गावी आला की हिशेबाचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडतं. बुवांची बिदागी, नारळ, कापूर, भजनकऱ्यांच्या उसळीचे वाटाणे, सगळं त्याच्या वहीत. यंदा त्या वहीत वॅट आले. पाऊस असा लागला होता की तारेवर कुठेतरी झाड पडायचं, आणि गेलेली लाइट कधी परतणार ते फक्त मखरातल्या मूर्तीला ठाऊक. धाकट्या काकांनी मंडपवाल्याकडून भाड्याने पेट्रोलचा जनरेटर आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "तुका आकडेमोड जमता. काय काय चलात ता तूच बघ."

जनरेटरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, अडीच केव्हीए. केव्हीए म्हणजे स्थळ सांगून येतं तेव्हा ऐकवतात तो पगार. हातात पडतो तो किलोवॅट. स्टिकरच्या तळाशी, चष्मा पुसून वाचावं अशा अक्षरांत, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला हातात पडणारा वाटा, ०.८ होता. गुणाकार केला. अडीचचे दोन झाले, म्हणजे २००० वॅट. काका म्हणाले, "अर्धो खंय गेलो?" भाड्याची पावती अडीचची होती, त्यामुळे त्यांचा संशय थेट माझ्यावर.

मग वही घेऊन घरभर फिरलो. विजेच्या वस्तूच्या बुडाशी तिचे वॅट लिहिलेले असतात, पण ती उलटी करायला मालक तयार हवा. पाच पंखे ३७५, दहा एलईडी दिवे ९०, मखराच्या माळा १००, फ्रीज १५०, टीव्ही १००, भजनाचा अॅम्प्लीफायर २५०. इथवर सगळं गोडीत झालं. पुढे वहिनीचा मिक्सर ७५० निघाला. "दोन मिनिटं तर फिरवते भावजी, त्याचं काय मोजता?" चुलतभावाची इस्त्री १०००. "आरतीच्या सदऱ्यापुरती रे. तेका कितीसो करंट लागतलो?" ठाण्याच्या आत्याने काही विजेचं आणलंच नव्हतं. तिच्या पिशवीतून किटली मी काढली तेव्हा ती म्हणाली, "ही होय! हिच्यात नुसतं पाणी तापतं." नुसतं पाणी तापवायचे १५०० वॅट. विहिरीवरच्या एक हॉर्सपॉवरच्या पंपाचे मी ११०० धरले. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, हे शाळेत शिकलो होतो. पण ते मोटर बाहेर देते ते काम. तारेतून ती त्याहून जास्त ओढून घेते. बेरीज ५४१५.

काका म्हणाले, "पंपाचा काय ता बघ, बाकीचा सोड." पंपाचंच तर सोडायचं होतं. मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. चौपट धरली तरी ४४००, म्हणजे आमचा जनरेटर पंपाला नुसता धक्का देण्यातच आडवा झाला असता. फ्रीजलाही तीच खोड, पण त्याचा जीव लहान. पंप यादीतून कटाप झाला. रहाटाला नवा दोर बांधला आणि जिमला जाणाऱ्या पुतण्यांची रांग लावली.

अर्थिंगचं प्रकरण निराळंच. जनरेटरच्या अंगावर एक बोल्ट होता आणि शेजारी एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या रेघांची खूण. तिथून तार जमिनीत गेली पाहिजे, असं मी म्हणालो. मंडपवाल्याचा पोरगा हसला. "चाकां रबराची आसत. शॉक खंयसून लागतलो?" भर पावसात, ओल्या अंगणात, अनवाणी माणसांच्या गर्दीत हे तो बोलला. मी गावातल्या वायरमनला बोलावलं.

वायरमनने आधी चुलतभावाच्या हातातली वायर हिसकावली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक जनरेटरला आणि दुसरी घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली की सगळं घर उजळतं, असा त्याचा बेत. वायरमन एरवी हळू बोलणारा माणूस. "मेन बंद करूक इसारलंस तर ही वीज उलटी खांबार जातली. ट्रान्सफॉर्मर तिचे अकरा हजार व्होल्ट करता. थंय वरती माजो भाव तार जोडीत आसता." कोणी काही बोललं नाही. त्याने मीटरजवळ चेंजओव्हर स्विच बसवला, म्हणजे घर एका वेळी एक तर खांबाला नाहीतर जनरेटरला जोडलेलं राहील, जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या बॉडीला जोडला आणि पहार घेऊन अंगणात उतरला.

पहार वीतभर गेली आणि ठणकन वाजली. जांभा. दुसरीकडे मारली, तिथेही जांभाच. शेवटी मोरीचं पाणी जिथे मुरतं त्या केळीच्या आळ्यात माती लागली. खड्डा झाला, पाइप उभा राहिला, चुलीतला कोळसा आला. मग वायरमनने मीठ मागितलं. तोवर दिवेलागण झाली होती.

आजी दारात उभी राहिली. "तिन्हीसांजेक मीठ भायर देवचा नाय."

"भायर नाय गो आजी, जमनीत पुरूचा आसा."

"पुरूचा? मगे तर नायच नाय."

मिठामुळे आणि कोळशामुळे माती ओली राहते, गळका करंट त्या वाटेने जमिनीत उतरतो, हे मी समजावलं. आजीने ऐकून घेतलं आणि मिठाची बरणी उचलून देवघरात ठेवली. ती रात्र आम्ही समईवर काढली. सकाळी तिनेच खडेमीठ काढून दिलं, वर त्या पाइपवर तांब्याभर पाणी घातलं आणि सवयीने हात जोडले.

जनरेटर काकांना पडवीत हवा होता, पावसात भिजू नये म्हणून. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तेव्हा त्याला लांबच्या उघड्या मांगरात धाडलं. मखराशेजारी वेळापत्रक चिकटवलं: सकाळी मिक्सर, आरतीआधी इस्त्री, भजनाच्या वेळी टीव्ही बंद. किटली त्यात नव्हती.

भजनाच्या रात्री लाइट गेलीच. जनरेटर सुरू झाला, बुवांनी गजर उचलला, आणि मांगरातून घोगरा आवाज आला. दिवे पिवळे पडले. खटका उडाला. पखवाजाला वीज लागत नाही, त्यामुळे भजन चालूच राहिलं, मी मात्र टॉर्च आणि वही घेऊन हिशेबाला बसलो. चालू होते पंखे, दिवे, माळा, फ्रीज, अॅम्प्लीफायर, एकूण ९६५. मिक्सर लागला असता तर १७१५, भागलं असतं. इस्त्री, १९६५, तीही कशीबशी निभावली असती. २००० ओलांडायला घरात एकच वस्तू शिल्लक होती.

स्वयंपाकघरात गेलो. आत्या अंधारात उभी होती.

"मी बटण दाबलंच नाही," ती म्हणाली, "नुसती पिन लावून ठेवली होती."

टॉर्चच्या उजेडात तिच्या हातातल्या कपातून वाफ येत होती.