गाणं लागलंय ना? मग बोला की!

परवा एका मित्राने नवे स्पीकर घेतले, 'या रे, निवांत ऐकायला बसू' म्हणाला म्हणून गेलो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'कीप टॉकिंग' लागलं आणि पुढची सहा मिनिटं जे काही भोगलं त्यातून हे मार्गदर्शन लिहितोय. तुमच्यावरही कधी कुणाकडे गाणी ऐकायला बसायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल. फुकट आहे, घ्या.

पहिलं म्हणजे, आवाज आला की हसायचं. गाण्यात तो सपाट, मशीनमधून आल्यासारखा आवाज येतो ना, तिथे 'हा रोबोट कोण?' हे विचारलंच पाहिजे. हल्ली त्याला 'एआयने केलंय वाटतं' हे पण जोडायचं. गाणं १९९४ चं आहे असं कुणी सांगितलं तर 'हो का? तेव्हापण होतं?' म्हणून चिवड्याची वाटी पुढे ओढायची.

तो आवाज असतो स्टीफन हॉकिंग या व्हीलचेअरवरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या बोलत्या मशीनचा. हे नाव कानावर पडलं की हॉकिंग स्टुडिओत आले, बँडचा गिटारवाला गायक गिलमोर याच्याशेजारी बसले आणि रेकॉर्डिंग करून गेले असं ठोकून द्यायचं. तो आवाज ब्रिटिश टेलिकॉमच्या टीव्हीवरच्या जाहिरातीतला आहे, गिलमोरने ती बघितली, आतून हलला, याचं काहीतरी केलंच पाहिजे असं त्याला वाटलं आणि तो तुकडा गाण्यात आला, हे सगळं खरं आहे. पण टेलिफोनवाल्यांची जाहिरात म्हटलं की किस्सा पडतो. त्यामुळे स्टुडिओच.

पुढे गिटार 'बोलायला' लागते, ती पण हॉकिंगच म्हणायची. (टॉकबॉक्स असतो तो. गिटारचा आवाज येणारी नळी तोंडात धरतात. जाऊ दे.)

जुना गीतकार-बासवाला रॉजर वॉटर्स, त्याच्याशिवाय फ्लॉइड म्हणजे फ्लॉइडच नाही, हे इथे न चुकता सांगायचं. वॉटर्स बँडमधून गेला १९८५ ला आणि हॉकिंगचा आवाज गेला तोही १९८५ लाच, यातलं तुम्हाला फक्त पहिलं माहीत असावं.

हॉकिंग २००१ मध्ये टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईला आले होते असं कुणी म्हणालं तर 'कॉन्सर्टला का?' असं विचारायचं.

आता मुख्य कला. नक्कल. मित्राचे साडू यात पारंगत निघाले. नाक चिमटीत धरून, मान एका बाजूला टाकून, 'आय-अॅम-हॉ-किंग'. सगळे खो खो हसले, मित्राची बायकोसुद्धा हसली, आणि साडूंनी वन्स मोअर मिळाल्यासारखं परत केलं. तुम्हीही करा, काही अवघड नाही. फक्त त्याआधी एवढं विसरायचं की हॉकिंगना जिनिव्हात न्यूमोनिया झाला, डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला विचारलं की मशीन बंद करायचं का, ती नाही म्हणाली, मग गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली आणि जो काही अडखळता आवाज उरला होता तोही गेला. सुरुवातीला समोरचा कार्डावरच्या अक्षरांवर बोट ठेवणार आणि बरोबर अक्षर आलं की हॉकिंग भुवई उचलणार, असं बोलणं. नंतर कॉम्प्युटर आला, हातातलं बटण दाबून पडद्यावरचा एकेक शब्द निवडायचा, जोरात असले तर मिनिटाला पंधरा शब्द. पंधरा! साडू तेवढे एका घासात बोलतात, तोंडात शेव असताना. आणि ज्या आवाजाची ते नक्कल करत होते तो मुळात हॉकिंगचा नाहीच, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या डेनिस क्लॅटचा आहे, त्याने स्वतःच्या आवाजावरून मशीनचा आवाज बनवला, 'परफेक्ट पॉल' म्हणायचे त्याला, आणि तो बिचारा १९८८ लाच गेला, म्हणजे गाणं यायच्या सहा वर्षं आधी. पुढे हॉकिंगना यापेक्षा चांगले, माणसासारखे आवाज मिळत होते, तरी त्यांनी हाच ठेवला. मूळचा ब्रिटिश माणूस आयुष्यभर परक्या, अमेरिकन वळणाच्या आवाजात बोलला, कारण आता हाच माझा आवाज, असं त्याने ठरवलं होतं. आणि तुम्ही नाक दाबता?

मी म्हणालो, जरा ऐका ना, तो काय म्हणतोय ते ऐका. लाखो वर्षं माणूस जनावरांसारखा जगला आणि मग बोलायला शिकला, असं म्हणतोय तो. शेवटाकडे तोच आवाज म्हणतो की आपण फक्त बोलत राहिलं पाहिजे. झालं! साडूंनी टाळी मागितली, 'बघा, तोच सांगतोय ना, बोलत राहा म्हणून!' पुन्हा हशा. तेवढ्यात गाणं संपलं. ऑटोप्लेने पुढचं लावलं.

नाही हो, विनोद चांगला होता, मानतो मी. पण बोलत राहा म्हणजे दुसऱ्याचं बोलणं चालू असताना तोंडाचा पट्टा सोडा असं नाही, एवढं पन्नाशीच्या माणसाला कळायला नको? सहा मिनिटं. सहा मिनिटं गप्प बसता येत नाही तुम्हाला? मोबाईलवर कुणी उठून काहीही बडबडला तर ते अख्खं ऐकता आणि वर चार ग्रुपवर ढकलता. इथे ज्याला एक वाक्य जुळवायला घाम गाळावा लागायचा त्याची दोन वाक्यं आली, तर तुम्हाला नेमका तेव्हाच चिवडा हवा. लाज नाही वाटत, खरंच.

मित्र पुढच्या शनिवारी परत बोलावतोय. २०१४ च्या 'द एंडलेस रिव्हर'मधलं 'टॉकिन हॉकिन' लावणार आहे, त्यातही तोच आवाज आहे. साडूही येणार आहेत म्हणे. त्यांनी यावं, पण नाकाला हात लावायचा नाही, आणि चिवडा मी लपवून ठेवणार आहे.