दिवाळीत पुस्तकं मिटा (बडोद्यात घरीच शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी)

दसरा झाला की होमस्कूलिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पीडीएफ फिरायला लागतात. पणत्यांच्या बेरजा, रांगोळीची सममिती, 'माझी दिवाळी' दहा ओळी, रंगवा, जोड्या लावा. मुलाला शाळेत न घालण्याचा निर्णय घ्यायचा, चार नातेवाइकांची बोलणी खायची आणि मग सणाच्या दिवशी घरातच शाळा भरवायची, हा काय प्रकार आहे?

माझं म्हणणं असं : घरी शिकणाऱ्या मुलालाही तारीख लावून सुट्टी हवी. वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात पुस्तकं मिटायची, ती तुळशीच्या लग्नानंतर उघडायची. आणि या दिवसांत मुलांच्या हातात कामं द्यायची ती अशी, की तपासायला आईबाप लागूच नयेत. चकली जमली की नाही ते तेल सांगतं, किल्ला जमला की नाही ते ऊन सांगतं.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. गुजरातेत शाळांना दिवाळीची साधारण २१ दिवसांची सुट्टी असते. म्हणजे वाडीतली, सोसायटीतली सगळी पोरं दिवसभर मोकळी असण्याचे वर्षातले जे मोजके आठवडे, त्यांतले हे तीन. 'घरी शिकणाऱ्या मुलांना मित्र कुठून मिळणार' असं बडोद्यात प्रत्येक मामा-मावशी विचारते. त्याचं उत्तर याच तीन आठवड्यांत आहे. अशा वेळी आपलं पोर दुपारी तीनला अपूर्णांक सोडवत बसलं असेल, तर मामाचं खरं.

(बडोद्यात हा विषय निघाला की कुणीतरी सयाजीराव गायकवाडांचं नाव काढतंच. बरोबरच आहे. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा राजा, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड लावणारा. त्याच्याच गावात राहून आपण मुलांना शाळेत घालत नाही. मुलं त्या वयात काहीतरी धड शिकली पाहिजेत हा त्यांचा आग्रह होता, तो आपल्यालाही लागू आहे असं धरून चालावं.)

आता कामं. तीनच सांगते, कारण तीनच नीट होतात. जे घर सोळा गोष्टी करायला जातं, तिथे धनत्रयोदशीला आई एकटी जागी असते.

पहिलं, किल्ला. दरवर्षी रायगडच का? बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पावागड आहे, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि एका दिवसात बघून परत येता येतं. नाहीतर सोनगड करा. बडोद्याआधी गायकवाडांचं मुख्य ठाणं तेच. जो गड मुलांनी पायांनी चढलाय त्याची माची चुकत नाही.

जागा आधी ठरवा. बाल्कनीत किल्ला करू नका. चाळीस विटा म्हणजे नुसत्या विटांचंच वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं, वर ओली माती. अंगण किंवा पार्किंगचा कोपरा सगळ्यांत बरा. गच्चीच हवी असेल तर भिंतीलगत, खाली ताडपत्री घालून, आणि पाणी जायची मोरी मोकळी ठेवून.

प्रमाणाचा पेच इथे येतो, आणि तो मुलांना स्वतःला सापडू द्या. पावागडचा डोंगर साधारण ८०० मीटर उंच. पायथ्याची रुंदी अडीच किलोमीटर धरली आणि हजाराला एक प्रमाण घेतलं तर अडीच मीटर जागा लागते. ती नसते. २५०० ला एक घेतलं तर रुंदी एक मीटर होते, पण उंची ३२ सेंटिमीटर, म्हणजे गड न दिसता पराठा दिसतो. मग आडवं प्रमाण २५०० ला एक आणि उभं १५०० ला एक ठेवायचं. उंची ५३ सेंटिमीटर येते. नकाशे करणारेही उंची अशीच वाढवून दाखवतात. फक्त तसं पाटीवर लिहायचं. पाटी मराठीत आणि गुजरातीत, दोन्ही. बडोद्याच्या मराठी मुलांचं खेळणं गुजरातीत चालतं आणि मराठी आजीपुरती उरते. एकाच ओळीत शिरोरेघ असलेलं आणि नसलेलं अक्षर शेजारी आलं की दोन्हींकडे नीट लक्ष जातं.

विटांचा ढीग रचला की त्यावर गोणपाट. कोरडं टाकू नका. मातीचा पातळ राबडा करून त्यात ते बुडवून पसरायचं, नाहीतर वरची माती त्याला धरत नाही. नुसती काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात निम्मी गोराडू (इकडची रेताड माती) किंवा वाळू आणि दोन मुठी गव्हाचा भुसा. थर दोन ते तीन सेंटिमीटरचा. घाई करून एकदम जाड थर लावला की तो रात्रीतून घसरून पायथ्याशी येतो. पहिला थर बोटाला चिकटेनासा झाला की मगच दुसरा.

बुरूज हा नाजूक भाग. स्टीलचा पेला तोंड वर करून सुलटा ठेवायचा, त्याला वर्तमानपत्राचा एकच वेढा द्यायचा आणि बाहेरून बोटभर माती थापायची. माती ओली असतानाच पेला हलक्या हाताने अर्धा फेरा फिरवून वर ओढायचा. कागद आतच राहू द्या. बरीच मुलं 'वाळल्यावर काढू' म्हणतात. वाळताना माती आकसते, आतला पेला आकसत नाही, आणि सकाळी बुरुजाला वरपासून खालपर्यंत उभी चीर पडलेली असते. एकदा पडू द्या. दुसरा बुरूज ती बरोबर करतात.

हिरवळीला हळीव. मोहरीही चालते, पण हळीव ओलं झालं की चिकट होतं आणि उतारावर धरून बसतं, मोहरी घरंगळते. एक चौरस मीटरला ५० ग्रॅम पुरे. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरायचं. पहिली रात्र वर ओलं फडकं, नंतर फक्त फवारा. तांब्याने पाणी घातलं की बी आणि माती दोन्ही वाहून जातात. फार आधी पेरलं तर ऐन पाडव्याला हळीव उंच वाढून लोळतं आणि गड विंचरल्यासारखा दिसतो.

दुसरं, आकाशकंदील. बाजारातला घडीचा प्लास्टिकचा कंदील आणणं गुन्हा नाही, पण बडोद्यासारख्या पतंगवेड्या गावात तो आणणं जरा लाजिरवाणं आहे. गेंडीगेट-मांडवीकडे पतंगवाल्यांकडे कागद मिळतो आणि बांबूच्या कामट्याही. मांज्याचा विषय उत्तरायणापर्यंत बंद.

सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा जोडलेले. त्यांच्यामध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. प्रत्येक चौकोनाला चार, म्हणजे २४ कामट्या, प्रत्येकी २० सेंटिमीटर. एक कामटी मापाची ठेवून बाकीच्या तिच्यावरच मोजून कापायच्या. पट्टीने प्रत्येक वेगळी मोजली की तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेवटचा कोपरा जुळत नाही. कोपरे दोऱ्याने आधी सैल बांधायचे, सगळा सांगाडा उभा राहिल्यावर घट्ट.

आणि उभा केल्यावर तो लचकतो. पिळला तर मिटायलाच लागतो. इथे मुलांना वाटतं गाठी सैल आहेत, म्हणून ती पुन्हा पुन्हा आवळत बसतात. गाठींचा दोष नाही. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन सोडतो. प्रत्येक चौकोनात एकेक तिरकी कामटी, साधारण २८ सेंटिमीटरची, बांधा. सहा कामट्यांनी सगळा सांगाडा दगडासारखा ताठ होतो. पहिली बांधली, दुसरी बांधली, अजून लचकतोय, पाचवी, आणि सहावीला थांबला, हे हातात जाणवण्यासारखं आहे. त्या वेळी मोठ्यांनी तोंड उघडून भूमिती शिकवू नये. खालच्या चौकोनाची तिरकी कामटी शेवटी बांधा. दिवा त्याच बाजूने आत जायचाय.

खळ मैद्याची : एक भाग मैदा, सहा भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मुलांचे हात असतील तिथे घालू नका, ते विष आहे. चौकोनाचे कागद २३ सेंटिमीटरचे, म्हणजे चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर दुमडायला. त्रिकोणांना वेगळा रंग. पतंगाचा कागद खळीने ओला झाला की पसरतो आणि वाळताना आवळतो, म्हणून ओला असताना ताणून लावू नका. सुरकुती दिसली तरी सोडून द्या, वाळल्यावर जाते. ताणून लावलेला कागद रात्री 'फट्' करून मधोमध फाटतो. खालचा चौकोन उघडा. आत पाच ते सात वॉटचा एलईडी, वायर वरच्या कोपऱ्यांना बांधून, बल्ब कागदापासून लांब. पणती किंवा जुना पिवळा बल्ब अजिबात नको.

तिसरं, चकली. फराळाचं सगळं मुलांकडून करून घ्यायचा अट्टहास नको. एकच पदार्थ पूर्ण त्यांचा, धान्य निवडण्यापासून डब्यात भरेपर्यंत. भाजणी : चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी मुगाची, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे, एक मोठा चमचा जिरं. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ तापेपर्यंत जिरं जळून जातं. एक वाटी भाजणीला वाटीभराला जरा कमी उकळतं पाणी, त्यातच मीठ, तिखट, हिंग, तीळ आणि एक मोठा चमचा तेलाचं मोहन. पीठ घालून झाकायचं, अर्ध्या तासाने मळायचं.

पहिल्या घाण्यात एकच चकली सोडा. सोऱ्यातून पडतानाच तुटली तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून मळा. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, मूठभर कोरडी भाजणी मिसळा. काटा धरला नाही तर पीठ सैल. बाहेरून लाल आणि आत मऊ, म्हणजे आच मोठी. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर एकतर बुडबुडे निवायच्या आधी काढली किंवा गरम असतानाच डबा बंद केला. मळणं आणि पाडणं सहा-सात वर्षांचं मूलही करतं. कढईशी बारा वर्षांखालचं कुणी नको.

अनारसे मात्र मोठ्या, धीराच्या मुलाला. तीन दिवस तांदूळ रोज पाणी बदलून भिजवायचे, फडक्यावर सावलीत पसरून ओलसर असतानाच दळायचे, वजनाला वजन गूळ घालून पीठ निदान पाच-सहा दिवस मुरू द्यायचं. खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात तळायचे, उलटायचे नाहीत. अनारसा हसला, म्हणजे तुपात विरघळला, तर तांदळाची थोडी पिठी घाला. घरातल्यांनी हसू नये.

बाकी काही 'करून घ्यायचं' नाही. काळी चौदसला, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला, शेजारचे गुजराती काका चौकात वडे ठेवून ककळाट (घरातला कलह) काढतात आणि दुसरीकडे आपल्याकडे पहाटे उटणं लागतं, हे मूल बघतंच. पाडव्याला तेच शेजारी 'साल मुबारक' म्हणत येतात, कारण त्यांचं वर्ष त्या दिवशी बदलतं. याचा तक्ता करायला लावू नका. लाभपाचमीपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, एवढं मात्र लक्षात ठेवा. दोरा, कागद, बल्ब आधी आणून ठेवा.

आता एक अडचण, जी दहावीच्या घरांनाच कळते. एनआयओएसच्या (केंद्राचं मुक्त शाळा मंडळ, घरी शिकणाऱ्यांना तिथून दहावी देता येते) सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसरी बरोबर दिवाळीवर बसते. पाच वर्षांत नऊ संधी असतात, विषय वाटून देता येतात. जड विषय एप्रिलला टाका, ऑक्टोबरला फार तर एक-दोन हलके. आणि मुलाने पाचही विषय ऑक्टोबरलाच भरले असतील, तर त्या वर्षी किल्ला धाकट्यांकडे द्या आणि त्याला फक्त चकल्या खाऊ द्या. दोन्ही करायला लावणारे पालक असतात. त्यांनी तसं करू नये.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. मोडताना पाणी घालून भिजवायचा, एक दिवस थांबायचं, मग माती सहज सुटते; सुका किल्ला फावड्याने फोडला की विटाही फुटतात. माती कुंड्यांत, गोणपाट धुऊन वाळत, विटा मोजून कोपऱ्यात. कंदिलाचा कागद काढून टाका, पण सांगाडा मोडू नका, माळ्यावर टांगा. उरलेल्या कामट्या आणि कागद एका डब्यात. १४ जानेवारीला फाटलेल्या पतंगांना ठिगळं लावायला तेच लागतात.