मी ८५व्या वर्षी जातो

निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा मुलाने बंगळुरूहून एक एक्सेल शीट पाठवली. तिच्यात पिवळे चौकोन होते आणि ते मी भरायचे होते. महिन्याचा खर्च, शिल्लक, व्याजाचा दर, इथवर ठीक चाललं होतं. शेवटच्या चौकोनापुढे लिहिलं होतं, ‘किती वर्षांपर्यंत?’

कंपनीच्या अकाउंट्समध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. मुलाला फोन लावला. “अरे, किती वर्षांपर्यंत म्हणजे?”

“म्हणजे बाबा... तोपर्यंत.”

आमच्या ठाण्याच्या चरईतल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक गुंतवणूक सल्लागार राहतात. त्यांनी विचारलं, “घरात दीर्घायुष्य आहे का?” मी अभिमानाने सांगितलं, “आई ९१ वर्षांची आहे. कैरीचं लोणचं अजून स्वतः घालते.”

“अरेरे,” ते म्हणाले.

शेवटी ८५ लिहिलं. बेताचं वाटलं. मग महागाई ६ टक्के धरली. ७२ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत खर्च दुप्पट होतो ते साधारण कळतं. उत्तर आलं १२. आज घराला महिना ४०,००० लागतात. म्हणजे माझ्या ७२व्या वर्षी ८०,००० आणि ८४व्या वर्षी १,६०,०००. बायकोने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला.

“अहो, चौऱ्याऐंशीव्या वर्षी महिन्याला एक लाख साठ हजार आपण उडवणार तरी कशावर?”

“हेच. दूध, भाजी, औषधं.”

“मग दात आहेत तोवर आत्ताच खाऊ या ना. आणि मी तुमच्याहून पाच वर्षांनी लहान. तुम्ही गेल्यावर मी काय ही शीट खाऊ?”

माझे ८५ तसेच ठेवले आणि तिच्यासाठी शीट माझ्या नव्वदीपर्यंत नेली. खालचे सात रकाने लाल झाले.

२०२३च्या मे महिन्यात निवृत्त झालो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा त्याच एप्रिलपासून १५ लाखांवरून ३० लाख झाली होती आणि दर होता ८.२ टक्के. फंडातले ३० लाख पोस्टात टाकले. दर तिमाहीला ६१,५०० व्याज येतं. तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत हा ‘आठ पूर्णांक दोन’ लोक नामस्मरणासारखा म्हणतात. बाकी नशीब आमचं नेहमीचंच. रेल्वेत साठीनंतर पुरुषांना ४० टक्के सवलत होती, ती २०२०च्या मार्चमध्ये बंद झाली. मला साठ लागले २०२३ला. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर फुकट, म्हणून फिरण्याचे सगळे बेत मी पंचाहत्तरीपुढे ढकललेत. बायकोला, बाईमाणूस म्हणून, आत्ताच अर्धं तिकीट आहे. ती बहिणीबरोबर दोनदा कोल्हापूरला जाऊन आली.

खरा त्रास वेगळाच. ४०,०००ला ३०ने भागलं की दिवसाचे १,३३३ येतात. एकदा हा आकडा डोक्यात बसला की प्रत्येक खर्च आयुष्यातून वजा व्हायला लागतो. सोसायटीने गच्चीच्या गळतीसाठी पाऊण लाख मागितले; मी ५६ दिवस आधी गेलो. (रिडेव्हलपमेंट होणारच आहे म्हणून ही गळती आम्ही बारा वर्षं पोसली होती.) नवा मिक्सर साडेतीन दिवसांना पडला. भाच्याच्या लग्नाच्या आहेरात चार दिवस गेले, तेही पाकिटात घालून, वर एक रुपया चिकटवून.

गेल्या महिन्यात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. माझं ईपीएसचं, म्हणजे खासगी नोकरदारांच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं, पेन्शन चार आकडी आहे, बायको त्याला ‘मिसळभत्ता’ म्हणते; पण त्यासाठीही आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं. मशीनवर अंगठा ठेवला. जुळेना. तर्जनी जुळेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, हात धुऊन या. वयानं रेषा झिजतात.” धुऊन आलो. दहाही बोटं झाली. मागून एक आजोबा म्हणाले, “खोबरेल लावा.” दुसरे म्हणाले, “खोबरेलानं तर जास्त घसरतं.” घरच्या शीटमध्ये मी अजून बावीस वर्षं काढणार होतो, मशीनच्या हिशेबाने विषय संपला होता.

शेवटी तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. “काका, डोळ्यांची उघडझाप करा.” केली. “सावकाश.” सावकाश केली. “चष्मा काढा.” काढला, तर समोरचं काहीच दिसेना. एवढ्यात बायको मोठ्यांदा म्हणाली, “अहो, एफडी मोडली!” माझे डोळे असे मिटून उघडले की मोबाइलने लगेच हिरवी खूण दिली.

बाहेर पडल्यावर तिने थेट मिसळीच्या हॉटेलकडे मोर्चा वळवला. मी फलक वाचला. शंभर रुपये प्लेट, दोघांच्या दोनशे.

“दोनशे म्हणजे साडेतीन तास गं,” मी म्हटलं.

“आत्ता त्या बँकेत मेलेले बसला होतात तो पाऊण तास धरलात का?”

तो मी धरला नव्हता. बसलो. पहिल्याच घासाला नाकातून पाणी आलं. वेटरला म्हटलं, “अजून तर्री आण रे.” तर्रीचे वेगळे पैसे पडत नाहीत, हे मी आधीच विचारून घेतलं होतं.