एक्स्टेन्सिव्ह की इन्टेन्सिव्ह? आधी सांगा, दुप्पट काय केलंत?

ऊष्मागतिकीचा धडा सुरू झाला की दोन खान्यांचा एक तक्ता हातोहात फिरतो. डावीकडे एक्स्टेन्सिव्ह, म्हणजे माल वाढला की वाढणारे गुणधर्म: वस्तुमान, घनफळ, एन्थाल्पी (स्थिर दाबाला उष्णतेचा हिशेब ठेवणारी ऊर्जा), एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली आहे याचं माप). उजवीकडे इन्टेन्सिव्ह, म्हणजे मालाच्या प्रमाणाशी देणंघेणं नसलेले: तापमान, दाब, घनता, बाष्पदाब (द्रवाशी समतोलात असलेल्या त्याच्या वाफेचा दाब). इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तक्त्याखालच्या चार ओळींबद्दल: "प्रत्येक गुणधर्म या दोनपैकी एका खान्यात बसतोच. इन्टेन्सिव्ह गुणधर्म समतोलात सगळीकडे सारखे असतात. एक्स्टेन्सिव्ह गुणधर्मांची सरळ बेरीज होते. अभिक्रियेचं समीकरण दुप्पट केल्यावर आकडा दुप्पट झाला तर तो एक्स्टेन्सिव्ह."

पाठ करायला चारही ओळी सोयीच्या, आणि चारही ठिकाणी गडबड आहे. खालून वर जातो, कारण शेवटची ओळ सगळ्यात घातक आहे.

"समीकरण दुप्पट केलं, आकडा दुप्पट झाला." एक मोल (रेणू मोजायचं एकक) हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन यांपासून एक मोल द्रवरूप पाणी तयार होताना २५ अंश सेल्सिअसला एन्थाल्पीतला बदल −२८५.८ किलोज्यूल प्रति मोल. तेच समीकरण दोनने गुणून लिहिलं की −५७१.६. झालं, एक्स्टेन्सिव्ह! पण दुप्पट झालं काय? भांड्यात एक रेणूही वाढलेला नाही, वाढले ते कागदावरचे सहगुणक. इथे 'प्रति मोल' म्हणजे 'जशी लिहिली आहे तशी अभिक्रिया एक मोल घडली तर'. समीकरण बदललं की मोजपट्टीच बदलते. उलट, समीकरण तेच ठेवून भांड्यात दुप्पट माल घातला तर हा आकडा जागचा हलत नाही. म्हणजे तो इन्टेन्सिव्ह. दुप्पट होते ती प्रत्यक्ष बाहेर पडलेली उष्णता, नुसत्या किलोज्यूलमध्ये मोजलेली.

याच ओळीच्या भरवशावर विद्युतघटांची गणितं केली की फजिती ठरलेली. डॅनियल सेलचं (जस्त आणि तांब्याचा विद्युतघट) प्रमाण विभवांतर १.१० व्होल्ट. समीकरण दोनने गुणलं तरी ते १.१०च राहतं, कारण गिब्ज ऊर्जेतला, म्हणजे घटाकडून कामी येऊ शकणाऱ्या ऊर्जेतला, बदल (−२१२ किलोज्यूल प्रति मोल) दुप्पट होतो तसे इलेक्ट्रॉनही दोनाचे चार होतात, आणि व्होल्ट काढताना ऊर्जेला इलेक्ट्रॉनांनी भागतात त्या भागाकारात दोन कटून जातात. मग काहीजण दुसऱ्या टोकाला जाऊन व्होल्टच थेट मिळवतात. फेरिक आयनाचा (Fe³⁺) फेरस (Fe²⁺) होताना +०.७७ व्होल्ट, फेरसचं लोखंड होताना −०.४४ व्होल्ट. फेरिकपासून थेट लोखंड किती? बेरीज म्हणते +०.३३. पण पहिल्या पायरीत एक इलेक्ट्रॉन आहे, दुसरीत दोन. मिळवायची ती ऊर्जा, म्हणजे व्होल्ट गुणिले इलेक्ट्रॉन: ०.७७ × १ वजा ०.४४ × २, म्हणजे −०.११. त्याला तीन इलेक्ट्रॉनांनी भागलं की सुमारे −०.०४ व्होल्ट. नुसता आकडा नाही, चिन्हच उलटं.

"एक्स्टेन्सिव्ह गुणधर्मांची सरळ बेरीज होते." वस्तुमानाची होते. घनफळाचं मात्र करून पाहा: ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल ओतलं तर १०० भरत नाही, ९६-९७ मिलिलिटरच्या आसपास भरतं. मग घनफळ एक्स्टेन्सिव्ह नाही का? आहे. त्या शब्दाचं वचन एवढंच, की तापमान, दाब आणि मिश्रणाचं प्रमाण तेच ठेवून सगळे घटक दुप्पट केले तर घनफळ दुप्पट होईल, आणि ते होतं. वेगळ्याच दोन गोष्टी एकत्र ओतल्यावर काय होईल याची हमी कोणी दिलेली नव्हती. शुद्ध इथेनॉलचा एक मोल ५८ ते ५९ मिलिलिटर जागा घेतो. तोच मोल भरपूर पाण्यात गेला की एकूण घनफळ साधारण ५५ मिलिलिटरनेच वाढतं. आंशिक मोलर घनफळ म्हणतात ते हेच.

"इन्टेन्सिव्ह गुणधर्म समतोलात सगळीकडे सारखे." बर्फ घातलेलं पाणी घ्या, शून्य अंशाला शांत समतोलात असलेलं. तापमान सारखं, दाब सारखा, पाण्याचं केमिकल पोटेन्शियलही (दर मोलमागची गिब्ज ऊर्जा) दोन्हीकडे सारखं. आणि घनता? बर्फाची ०.९१७, पाण्याची जवळजवळ १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. फरक आहे म्हणून तर बर्फ तरंगतो. दर मोलमागची एन्थाल्पीही ६.०१ किलोज्यूलने वेगळी. म्हणजे उजव्या खान्यातच दोन जाती नांदतात: समतोलात एकसारख्या होणाऱ्या, आणि एका एक्स्टेन्सिव्ह राशीला दुसरीने भागून मिळालेल्या. ग्रिफिथ्स आणि व्हीलर यांनी १९७० साली पहिल्यांना फील्ड आणि दुसऱ्यांना डेन्सिटी म्हटलं. माझ्या मते ही फोड मूळ दोन खान्यांपेक्षा जास्त कामाची आहे, पण तक्त्यात तिला जागा मिळत नाही.

राहिली पहिली ओळ, "दोनपैकी एका खान्यात बसतोच." ही शब्दांची जोडी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टोलमन यांनी १९१७ साली मांडली, सगळ्या राशींची जनगणना म्हणून नव्हे. घनफळाचा वर्ग घ्या: माल दुप्पट, आकडा चौपट. कुठला खाना? हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं वाटत असेल तर पाण्याचा थेंब घ्या. दोन सारखे थेंब मिळून एक झाला की त्या एकाचं पृष्ठफळ आधीच्या एका थेंबाच्या दुप्पट नाही, १.५९ पट असतं. एक घन सेंटिमीटर पाण्याच्या गोळ्याचं पृष्ठफळ जेमतेम ४.८४ चौरस सेंटिमीटर. तेच पाणी एक मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत फोडलं की ६ चौरस मीटर. पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर धरला तर या पृष्ठभागाची ऊर्जा सुमारे ०.४३ ज्यूल. तेवढ्या उष्णतेने ते सगळं पाणी फक्त ०.१ अंशाने तापेल, म्हणून भांडंभर पाण्याच्या हिशेबात पृष्ठभाग सोडून दिला तरी चालतं. त्याच सवलतीवर तक्ता उभा आहे.

थेंब आणखी लहान झाला की सवलत संपते. बाष्पदाब हा उजव्या खान्यातला अगदी पक्का रहिवासी, पण १० नॅनोमीटर त्रिज्येच्या पाण्याच्या थेंबावर २५ अंशाला तो सपाट पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त भरतो. त्यामुळेच शेजारच्या मोठ्या थेंबाला वाफ पुरवत तो छोटा थेंब आटून जातो.