हुक सामानासाठी आहे

लेक फोनवर म्हणाली होती, "आई, घर अगदी कालव्यावर आहे. सतराव्या शतकातलं." मला भरून आलं. आमच्या इमारतीला पंचेचाळीस वर्षं झाली तर पुनर्विकासाच्या मीटिंगांत हाणामारीची वेळ आली, आणि ही पोर साडेतीनशे वर्षांच्या घरात राहते! कितव्या मजल्यावर, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. युरोप म्हणजे लिफ्ट असणारच.

ॲमस्टरडॅममधल्या त्या दारात आम्ही पोचलो तेव्हा 23-23 किलोच्या दोन बॅगा बरोबर होत्या. भाजणी, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, तीन बाटल्या आगळ. लेकीने वरून कुठली तरी दोरी ओढली आणि दार आपोआप उघडलं. आत अंधार, आणि अंधारात एक शिडी टेकवलेली. मी जिना कुठे आहे ते बघू लागले.

"आई, तोच जिना!" वरून, बरंच वरून, आवाज आला.

पायरीवर नुसता चवडा मावत होता, टाच हवेत. वरची पायरी नाकासमोर. कठडा म्हणून भिंतीला एक जाड दोर. हे पुढे, मध्ये बॅग, मागे मी. आगळाच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून मी देवाचा धावा करत होते. बॅग सुटली असती तर आधी मी फुटले असते, हे तिसऱ्या मजल्यावर लक्षात आलं. चौथ्या मजल्यावर हे खुर्चीत बसले ते तासभर बोललेच नाहीत. लग्नाला चौतीस वर्षं झाली, असा तास पहिलाच.

संध्याकाळी लेकीने खिडकीतून समोरची घरं दाखवली. प्रत्येकाच्या कपाळाला एक तुळई पुढे आलेली आणि तिला लोखंडी हुक. 1613 पासून शहर वाढवताना हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे मोठे कालवे खणायला घेतले. काठावरची जागा महाग, म्हणून घरं पुढून चिंचोळी, मागे लांब आणि वर उंच. जिन्याला उरली ती जागा. सामान चढवायचं ते बाहेरून, हुकाला कप्पी लावून. आणि ते भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधलेली. म्हणजे मिरी-लवंगांची पोती अलगद तरंगत माळ्यावर जायची आणि ज्याची मिरी तो मालक शिडी चढायचा. कोणाला किती जपायचं, याचा या लोकांचा हिशेब पक्का होता.

"मग आमच्या बॅगा?" ह्यांनी तोंड उघडलं.

"बाबा, हुक आहे, पण कप्पी-दोर भाड्याने आणावा लागतो."

मी मूळची वेंगुर्ल्याची. याच डचांनी 1637 साली आमच्याकडे वखार घातली. पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. माहेरी माळ्यावर जायला अशीच उभी शिडी होती. उतरताना आजी ओरडायची, "गो, पाठमोरी उतर!" पन्नास वर्षांनी ते शिक्षण कामाला आलं. रोज सकाळी मी कालव्याच्या शहराकडे पाठ करून त्याच्या दर्शनाला उतरत होते.

आणि दर्शनं तरी कसली, तर पुन्हा जिने. एका व्यापाऱ्याच्या घरात माळ्यावर चक्क चर्च आहे. कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी होती, तेव्हा यान हार्टमन नावाच्या गृहस्थाने 1663 मध्ये ते वर थाटलं. बाहेरून साधं घर, आत शिडीमागून शिडी, आणि वर सज्ज्यांसकट देऊळ. ह्यांनी धापा टाकत जेजुरीची आठवण काढली. जेजुरीला पायऱ्यांवर निदान अख्खं पाऊल मावतं. डाम चौकातला राजवाडा म्हणे 13,659 लाकडी खांबांवर उभा आहे. "एवढं लाकूड जमिनीत पुरलं," हे म्हणाले, "त्यातलं थोडं जिन्याला वापरलं असतं तर?"

ॲन फ्रँकच्या घरी, त्या पुस्तकांच्या कपाटामागचा जिनाही असाच उभा. आठ ज्यू माणसं तिथे नाझींपासून लपून राहिली, त्यातली सात दोन वर्षांहून अधिक. तिथे आमच्यापैकी कोणी गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

बाकी रोजचा नियम ठरून गेला: खाली गेल्यावर आठवलं ते विसरलंच समजायचं. एकदा ह्यांचा चष्मा वर राहिला. मी पिशवीला नाडी बांधली, त्यात चष्मा घातला आणि खिडकीतून सोडला. गिरगावातल्या चाळीत मावशी टोपलीने भाजी वर घ्यायची, त्याच्या बरोब्बर उलट. शेजारचे डच आजोबा सायकल धरून बघत होते. त्यांनी अंगठा दाखवला. इतक्या दिवसांत स्थानिक संस्कृतीशी माझा खरा संवाद झाला तो एवढाच.

निघायच्या दिवशी लेकीने खरोखर कप्पी-दोर आणला. पिठामसाल्यांच्या जागी डेल्फ्टच्या निळ्या बश्या भरलेली बॅग खिडकीबाहेर गेली, कालव्यावरच्या वाऱ्यात एक गिरकी घेतली आणि फुलासारखी खाली उतरली. दुसरीही गेली. हे खिडकीत वाकून बराच वेळ हुकाकडे बघत राहिले. मग हळूच लेकीला म्हणाले, "किती किलोपर्यंत चालतं गं हे?"