माझा नंबर, सोसायटीच्या ग्रुपवर

सिमचा ट्रे उघडायची ती पिन आमच्या घरात कधीच सापडत नाही. गेल्या खेपेला बायकोच्या कानातल्याच्या दांडीने उघडला. ट्रे शाबूत राहिला, कानातलं वाकलं, आणि पुढचे दोन दिवस मीही जरा वाकूनच वागलो. तेव्हाच ठरवलं, ई-सिम घ्यायचं.

"मामा, त्यात कार्ड नसतंच," भाचा म्हणाला. "फोनच्या पोटातच चिप सोल्डर केलेली असते. तिचा स्वतःचा ३२ आकडी नंबर. कंपनी आपलं सिम तिच्यात उतरवते." १९९१ साली पहिलं सिम आलं ते एटीएम कार्डाएवढं होतं. कापून कापून ते नखाएवढं झालं आणि आता दिसेनासंच झालं. (आमच्या बाल्कनीचंही तेच झालं, पण तो बिल्डरचा विषय.)

अर्ज केला. ईमेलवर क्यूआर कोड आला : 'हा आपल्या फोनने स्कॅन करा.' कोड फोनमध्ये, आणि स्कॅन करायचा त्याच फोनने! बायको तिचा फोन घेऊन ऑफिसला गेलेली. शेवटी शेजारच्या काकूंना व्हॉट्सॲपवर कोड पाठवला आणि चपला शोधून त्यांच्याकडे पोचलो.

"अरे, तीनदा स्कॅन केलं, मेंटेनन्सचे पैसे जातच नाहीत," काकू म्हणाल्या. "म्हणून ग्रुपवर टाकलं. बघू कुणाला जमतंय का."

ग्रुपात ७२ सभासद.

भाचा फोनवर किंचाळलाच. "त्या कोडात कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि तुमची किल्ली असते! दुसऱ्या कुणी आधी उतरवलं तर तुमचा नंबर त्याच्या खिशात वाजेल. ओटीपीसकट!" काकूंचा फोन जवळजवळ हिसकावून मी स्कॅन केलं. झालं एकदाचं. एकदा वापरला की कोड सहसा बाद होतो, म्हणून जीव भांड्यात पडला.

पण सिम बदललं की फसवणूक टळावी म्हणून २४ तास एसएमएस बंद. नियम उत्तमच आहे. फक्त संध्याकाळी गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात उभा होता आणि म्हणत होता, "साहेब, कोड सांगा." कोड एसएमएसने येतो. सिलिंडर आला तसा जिना उतरून गेला.

रात्री विचार करत पडलो. चोराला आता माझं सिम काढून गटारात टाकता येणार नाही, हे झकास. पण मलाही ते काढता येणार नाही. पूर्वी गावी गेलो की सिम काढून अडकित्त्याच्या डबीत ठेवायचो आणि दुसरं घालायचो, म्हणजे मी कुणाला सापडणार नाही! खरं तर सिम बदललं तरी फोनचा स्वतःचा १५ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, तोच राहतो आणि टॉवरला तो कळतोच. सापडत नव्हतो तो फक्त मेहुण्याला. तेवढंही सुख गेलं.

सकाळी सेक्रेटरींचा ग्रुपवर मेसेज : 'कालच्या कोडवर ज्यांनी मेंटेनन्स भरला, त्यांनी हात वर करावा.'

आतापर्यंत दोघांनी केलाय.