क्यू किती सैल धरायचा? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळताना ‘क्यू हलका धरा’ (क्यू म्हणजे बॉल मारायची काठी) हा सल्ला तुम्हाला मोघम वाटतो, कारण हलका म्हणजे किती हे कुणी सांगत नाही. उत्तम खेळाडूंमध्ये घट्ट धरणारेही आहेत. सैल पकडीने जोर बसत नाही, ब्रेकला, म्हणजे डावातल्या पहिल्या जोरदार शॉटला, तर ती कुचकामी, कारण घट्ट मुठीमुळे हाताचं वजन क्यूच्या मागे उभं राहतं. आणि तळवे घामेजले की सैल धरलेला क्यू निसटणारच.

मोघमपणाची तक्रार रास्त आहे, तिच्याकडे येतोच. पण सुरुवात हाताच्या वजनापासून करू, कारण मूठ आवळायची सवय बहुतेकांना याच समजुतीतून लागते.

टिप (क्यूचं बॉलला लागणारं टोक) आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ साधारण एका सेकंदाचा हजारावा भाग. मध्यम जोराच्या शॉटला क्यू सेकंदाला तीनेक मीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्या वेळात तो जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतो. इतकं अंतर बोटांच्या मऊ मांसातच जिरतं. बॉलला आदळून क्यू मंदावतो आणि हात त्याला मागून रेटू लागतो, तोवर बॉल निघून गेलेला असतो. मुठीत जो झटका जाणवतो तो खराच, पण बॉलवर त्याचा काही परिणाम उरलेला नसतो.

बॉलचा वेग ठरतो क्यूच्या वेगावर आणि वजनावर. पूलचा क्यू साधारण १८ ते २१ औंसांचा, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. बॉल १५६ ते १७० ग्रॅम. या प्रमाणात बॉल क्यूच्या सव्वा ते दीड पट वेगाने सुटतो. क्यूचं वजन ठरलेलंच आहे, तेव्हा हाताशी उरतो तो वेग. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात. ते ताठरले की मनगटही ताठरतं आणि कोपरापासूनचा झोका आखडतो. म्हणून ब्रेकला मूठ आवळल्याने जोर वाढल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात वेग घटतो. ब्रेकला पकड थोडी भक्कम असायला माझी हरकत नाही. नेहमीपेक्षा झोका मोठा असतो, क्यू हातात घसरता कामा नये. पण ती भक्कम पकड मागे झोका घेण्याआधीच ठरलेली हवी.

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. पकड किती घट्ट, यापेक्षा शॉट चालू असताना ती बदलते का, हे महत्त्वाचं. तुम्ही म्हणता ते घट्ट धरणारे उत्तम खेळाडू पाहा: चारही बोटं क्यूभोवती असतात, पण मागे नेताना जेवढा दाब, तेवढाच बॉलला लागताना. त्यांना ते जमतं. बाकीच्यांना सैल पकड सुचवायची ती एवढ्यासाठी, की जोर न लावता धरलेली पकड सारखी ठेवणं सगळ्यात सोपं. दहापैकी सहा जोराने धरलेली मूठ घाईच्या शॉटला सहजपणे आठवर जाते आणि कळतही नाही.

बदल झाला की नेमकं काय बिघडतं? क्यू ब्रिजवर, म्हणजे टेबलावर रोवलेल्या पुढच्या हातावर, टेकलेला असतो, म्हणजे ब्रिज हा त्याचा खुंटा. ब्रिजपासून टिपपर्यंत २५ सेंटिमीटर आणि ब्रिजपासून मागच्या हातापर्यंत सुमारे एक मीटर धरा. मागचा हात ८ मिलिमीटर बाजूला गेला तर टिप विरुद्ध बाजूला २ मिलिमीटर जाते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने अंगठा दाबला तर बट (क्यूचा मागचा जाड भाग) अंगापासून लांब जातो आणि टिप डावीकडे. मनगट आत वळलं तर बट अंगाकडे येतो आणि टिप उजवीकडे. मधली, अनामिका आणि करंगळी एकदम आवळली तर बट वर उचलला जातो आणि टिप खाली बुडते. ५७ मिलिमीटरच्या बॉलवर २ मिलिमीटर म्हणजे क्षुल्लक वाटेल, पण तेवढ्यानेही नको असलेली साइड (बॉलची बाजूकडची फिरकी) लागते. काही शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) आणि ब्रिजची लांबी अशी जुळलेली असते की दिशेतली चूक बरीचशी आपोआप भरून निघते, कारण एका बाजूला वळलेल्या क्यूचा बॉल किंचित दुसऱ्या बाजूला सुटतो. साइड मात्र उरतेच, आणि ती समोरच्या बॉलला थोडं ढकलते, कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) परतीचा कोनही बदलते. ‘पॉट गेला पण पोझिशन चुकली’ (बॉल भोकात गेला, पण पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी हव्या त्या जागी थांबला नाही) अशा तक्रारी पुष्कळदा इथल्या असतात.

आता ‘किती’चं उत्तर. उभे राहा, खेळता तो हात मोकळा खाली सोडा, क्यू आडवा घेऊन बोटांच्या वाकलेल्या आकड्यात राहू द्या. तळहात त्याला घट्ट चिकटलेला नको. अंगठा सरळ जमिनीकडे लोंबत असावा. क्यू पडणार नाही एवढाच दाब द्या. दुसऱ्या कुणी बटाला धरून हळूच मागे ओढला तर क्यू बोटांतून सरकावा, आपल्या वजनाने मात्र निसटू नये. हेच माप. वजन मुख्यतः तर्जनी आणि मधल्या बोटावर येतं, अनामिका नुसती टेकलेली, करंगळी नसली तरी चालतं.

खाली वाकल्यावर टिप बॉलला लागेल त्या क्षणी कोपराखालचा हात लंबात हवा. पकडीची जागा त्यावरून ठरवा. बटावरच्या रॅपची (पकडीसाठीच्या वेष्टणाची) सुरुवात-शेवट पाहून ठरवू नका, तो सगळ्यांच्या उंचीला सारखा बसत नाही.

झोका मागे जाताना मागची बोटं उघडली पाहिजेत, हे पुष्कळांना विचित्र वाटतं. हात कोपराभोवती फिरतो, तो मागे जाताना वरही चढतो आणि मुठीची करंगळीकडची बाजू उचलली जाते. ती बोटं मिटलेली राहिली तर बट त्यांच्याबरोबर वर जातो आणि शाफ्ट ब्रिजवर दाबला जातो. पुढे येताना तीच मूठ उलट फिरते, टिप वर उडते, उघड्या (वरून बोटाचा वेढा नसलेल्या) ब्रिजमधून शाफ्ट सुटतो. बोटं उघडली की क्यू जवळपास समांतर राहतो. पुढे येताना ती आपोआप परत टेकतात. मुद्दाम मिटू नका.

तुमची मूठ आवळते का, हे ठरवायला माझ्या मतापेक्षा एक पट्ट्याचा बॉल जास्त उपयोगी. तो क्यू बॉलच्या (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलच्या) जागी, हेड स्पॉटवर (टेबलाच्या ब्रेक मारायच्या बाजूच्या मधल्या खुणेवर) ठेवा, पट्टा उभा आणि बरोबर समोरच्या कुशनच्या दिशेने. मधोमध, फूट स्पॉटवरून (पलीकडच्या बाजूच्या मधल्या खुणेवरून) जाईल असा मारा. पट्टा सरळ गडगडला आणि बॉल परत टिपकडे आला तर ठीक. पट्टा डुलत गेला, किंवा बॉल बाजूला परतला, तर टिप मध्यावर लागलेली नाही. पाच शॉट हळू मारा, पाच जोरात. हळू सरळ जातो आणि जोरात नेहमी एकाच बाजूला जातो, तर पकड बदलते आहे असं जवळपास नक्की समजा. दोन्हींत सारखाच बाजूला जात असेल तर दोष पकडीचा नसून उभं राहण्याच्या किंवा नेम धरण्याच्या रेषेचा आहे, आणि मूठ कितीही सैल केली तरी तो जाणार नाही.

किंबहुना मूठ आवळणं हे पुष्कळदा लक्षणच असतं. क्यू रेषेत नाही हे शरीराला जाणवतं आणि हात शेवटच्या क्षणी तो वळवू पाहतो. ब्रिजचा हात डळमळीत असला की सगळा ताबा मागचा हात घेतो. मागचा झोका तोकडा पडला की उरलेला वेग मूठ आवळून मिळवायचा प्रयत्न होतो. ड्रॉ शॉटला (क्यू बॉल मागे परत आणायच्या शॉटला) हे सर्रास दिसतं. उपाय म्हणजे ब्रिज कापडावर घट्ट रोवा, झोका पुरेसा मागे न्या, मागच्या टोकाला क्षणभर थांबा आणि मग पुढे या. त्या थांब्याने घाई निघून जाते.

सरसकट सैल पकड सगळीकडे चालत नाही, हे तुमचं बरोबर. क्यू कुशनमुळे उंचावावा लागला की पकड पुढे घ्यावी लागते. रेस्टवरच्या (हात न पोचणाऱ्या बॉलसाठी क्यू टेकवायच्या काठीवरच्या) शॉटला बटाचं टोक अंगठा आणि दोन बोटांत पेनासारखं धरतात. जंप शॉटची (क्यू बॉल उडवायच्या शॉटची) पकड तर पूर्ण वेगळी.

घामाबद्दल. ओल्या हाताचा त्रास बटाच्या गुळगुळीत वार्निशवर सगळ्यात जास्त होतो. लिनन किंवा चामड्याचा रॅप असेल तर पुष्कळ फरक पडतो. कोरडा टॉवेल जवळ ठेवा आणि टेबलाशी येण्याआधी तळवा, बोटं आणि बट तिन्ही पुसा. पावडर मागच्या हाताला लावू नका, तिथे घर्षण हवं असतं. हातमोजा ब्रिजच्या हातासाठी असतो, शाफ्ट सरकावा म्हणून. मागच्या हाताची अडचण त्याने सुटत नाही. एवढं करूनही क्यू फिरत असेल तर बटाच्या पकडीच्या जागी पातळ रबरी बाही चढवून पाहा. ती चढवल्यावर वर सांगितलेली ओढण्याची चाचणी पुन्हा करा, कारण रबरावर त्याच पकडीसाठी दाब आणखी कमी लागतो.